पन्नासची तार

चहाचा घोट आधी गिळून घ्या आणि मगच ऐका, नाहीतर ठसका लागेल. तीस वर्षं मोटारींच्या तारा ओढणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरी काय दिवे लावले, ते सांगतोय!

मी इनामगावजवळच्या वस्तीवर राहतो. घोडनदीवर ज्यांच्या मोटारी आहेत, त्यातल्या निम्म्यांची केबल मी टाकलेली. नदीपासून शेत किती लांब ते विचारायचं आणि तारेची जाडी सांगायची, हा माझा धंदा. लांब न्यायची तर तार जाड. बारीक टाकली की शेवटाला व्होल्टेज पडतं, मोटार नुसती घुमते आणि जळते. एवढ्या एका सूत्रावर माझी तीस वर्षं निघाली. कधी चुकलो नाही हो!

माझी सून अश्विनी कॉम्प्युटरमधली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली, पण सोमवारी दिवसभराची चाचणी. नेट टिकलं तर घरी राहा, नाहीतर पुण्यात या. मुलगा दौंडला रेल्वेत, तो पुण्याहूनही ये-जा करील. पण मग नात मनूसुद्धा जाणार! मनू चार वर्षांची. सकाळी तिला माझ्या बशीतला चहा लागतो, आणि खरं सांगायचं तर मला ती लागते. घर रिकामं होईल या विचारानं माझी झोप उडाली होती.

नेटवाल्यांची काचेची तार आमच्या फाट्यापर्यंत आलेली. तिथून वस्ती अडीच किलोमीटर. ते म्हणाले, पुढची तार तुम्ही आणा, जोडून आम्ही देतो. अश्विनीनं चिठ्ठी लिहून दिली, '९ मायक्रॉन'.

"आबा, हीच आणा बरं का."

दौंडच्या दुकानदारानं दोन गुंडाळ्या काढल्या. "मामा, नवाची पण हाय आन् पन्नासची पण हाय."

"हे नऊ, पन्नास कशाचं?"

"आतल्या काचेची जाडी. जिच्यातनं उजेड जातो ती."

आता तुम्हीच सांगा! एकीकडे नऊ, दुसरीकडे पन्नास, आणि न्यायची अडीच किलोमीटर! मला तर सूनबाईची कीवच आली. सासऱ्याला भार नको म्हणून पोरीनं लहानातली लहान लिहिली असणार.

"पन्नासची द्या."

"लांब न्यायची का? मग नवाचीच लागती मामा. पन्नासची कंपन्यांत चालती, एका हॉलमधनं दुसऱ्या हॉलात."

"कंपनीवाले वापरत्यात व्हय? मग तर पन्नासचीच!"

"अवो, पण..."

"मी काय कालपासनं तारा वढतोय का?"

त्यानं पन्नासची गुंडाळी पुढं सरकवली. असल्या गिऱ्हाइकाशी मीही वाद घालत नाही.

गडी लावून तीन दिवस उसाच्या कडेनं चर खणला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होतो, "पन्नासची टाकलीय, पन्नासची!" अश्विनीला मात्र बोललो नाही. सोमवारी तिचे डोळे दिपवायचे होते ना!

रविवारी नेटवाल्यांचे साळवे आले. माझ्याच वयाचे, जोडणीत मुरलेले. दोन्ही टोकं जोडली. घरात त्यांनी बसवलेल्या नेटच्या डब्यावर लाल दिवा.

"आबा, उजेड पोचंना."

"जोड कच्चा असंल."

पुन्हा जोडलं. पुन्हा लाल.

"मग फाट्यावरनं जरा जोर वाढवा की!"

साळव्यांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली. मग मी काय करावं? खिशातला टेस्टर काढला आणि तारेच्या टोकाला लावून बघितला!

"आबा," साळवे हळूच म्हणाले, "ती काच हाय."

"म्हायतीय मला!" म्हणालो आणि टेस्टर खिशात घातला.

एवढ्यात अश्विनी बाहेर आली. खाली बसून तिनं तारेवरची अक्षरं वाचली.

"आबा, ही पन्नासची हाय."

"व्हय! तुझ्यासाठी मोठी आणली."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं मनूला जवळ घेतलं. मग म्हणाली, "आबा, शाळंतली पोरं बांधावरनं कशी येत्यात?"

"एकामागं एक."

"आन् मोकळ्या रानात सोडली तर?"

"उंडारतील. कोण कवा पोचंल, नेम न्हाई."

"उजेडाचं बी तसंच हाय. लांब जायाचं तर वाट अरुंद लागती."

"आन् आमची तार नवाची, डबा बी नवाचा," साळवे म्हणाले. "पन्नासातला उजेड नवात मावायचा कसा?"

मी ओट्यावर बसलो. चुकलो याचं फार वाटलं नाही, माणूस चुकतो. पण चिठ्ठी माझ्या खिशात होती, मी ती वाचलीही होती. या पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, हा विचार दौंडपासून वस्तीपर्यंत एकदाही डोक्यात आला नाही. वर त्यालाच मी माया समजत होतो. लाज वाटली हो.

"आता ग?" मी विचारलं.

"फाट्यापर्यंत नेट हाय ना? मी तिथंच बसते."

सोमवारी दहा वाजता फाट्यावरच्या दूध डेअरीच्या ओसरीत तिनं टेबल मांडलं. मला काम दिलं, कुणाला बोलू द्यायचं नाही. आणि दिवसभर एकेक जण किटली घेऊन येतोय, विचारतोय, "काय आबा, पन्नासची लागली का?" मी तोंडावर बोट! शांतता तिच्या कामासाठी हवी होती, पण मला तिची जास्त गरज होती.

सहा वाजता तिनं कॉम्प्युटर मिटला. "झालं आबा. टिकलं नेट. आता घरापतूर तार आणायची, म्हंजी कुठं जायला नको." मी मनूला उचललं, तेव्हा डोळे भरून आले. धूळ गेली म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अश्विनीच्या गाडीवर मागं बसून दौंडला गेलो. दुकानदारानं विचारलं, "मामा, आज कितीची?" मी म्हणालो, "तिला इचारा." चर पुन्हा उकरला, यावेळी एकट्यानं.

आता घरात हिरवा दिवा असतो. आणि पन्नासची तार? ती गोठ्यापासून कडुलिंबापर्यंत बांधलीय, कपडे वाळत घालायला. आईचं ऐकून मनू आता मोठे शब्द बोलते. रोज सकाळी बशीतला चहा पिताना तारेकडे बघून विचारते, "आबा, तुमचा पायजमा डाउनलोड झाला का?"

मी उठतो, हात लावून बघतो. ओलाच असतो!