दामूच्या दोन सह्या

फोन आला तेव्हा मी तलासरीला हायवेवर बसची वाट बघत उभा होतो. पलीकडून दामूची बायको, आमची शोभावहिनी, एवढंच म्हणाली, "भाऊजी, गेले हो…" समोर आलेली बस मी सोडून दिली आणि टपरीच्या बाकड्यावर बसलो. महिना उलटलाय, तरी अजून तिथेच बसल्यासारखं वाटतं. फार दमायला झालंय.

दामू आणि मी कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना अख्खी नोकरी काढली. त्याचं बालपण उंबरगावला मावशीकडे गेलेलं, शाळा गुजराती. मराठी आमच्यासारखीच बोलायचा, पण आकडेमोड आणि शिव्या गुजरातीत. डहाणूच्या आमच्या पतपेढीत त्याची सहीही गुजरातीच नोंदलेली. हात भलताच सैल. कुणी जरा रडगाणं गायलं की याचं चेकबुक बाहेर. वरोरच्या मित्राला मासेमारीच्या जाळ्यासाठी दे, पाड्यावरच्या पोरीच्या वसतिगृहाला दे… वहिनीला पत्ता लागला की, "घर आहे की धर्मशाळा?" आणि दुसऱ्या दिवशी ती त्याला सरावलीहून रिक्षात घालून चेक थांबवायला पतपेढीत आणायची. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नसे, ती खाली रिक्षातच बसे. दामू वर जाऊन अर्ज लिही आणि त्याखाली ऐटीत मराठीत सही ठोकी. काउंटरवरच्या मॅडम म्हणायच्या, "काका, सही जुळत नाही. असा चेक थांबत नाही." "नाही जुळली तर राहू दे, बेन," म्हणून हा पडेल चेहऱ्यानं खाली येई. "दिला अर्ज." चेक अर्थातच वटायचा आणि वहिनी पतपेढीच्या नावानं बोटं मोडायची. मी अनेकदा साक्षीला होतो. बेरकी माणूस!

मागच्या वर्षी तो आजारी पडला. वापीच्या डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून सगळं सांगितलं; दामूला मात्र आम्ही पोटात अल्सर आहे म्हणून सांगितलं. आपल्याकडे असंच करतात. त्यानं माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मला चेक दिला तो त्याच दिवसांत. वहिनीच्या समोर दिला आणि ती चक्क काही बोलली नाही. पण चार दिवसांनी त्यानंच मला पतपेढीत बोलावलं. या वेळी खाली रिक्षात कुणी नव्हतं. जिन्यात दोनदा थांबला. वर येऊन माझा चेक थांबवण्याचा अर्ज लिहिला आणि खाली सही केली… गुजरातीत. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "रागावू नको. पोरीचं तू बघशील कसंतरी. शोभाला आता लागतील." मग माझा हात धरला. "तिला बोलू नको. तिला वाटतं मला माहीत नाही. वाटू दे."

मी बोललो नाही. दामू असेपर्यंत नाही आणि दिवसकार्याच्या गर्दीतही नाही. गेल्या आठवड्यात सरावलीला गेलो. चहा देताना वहिनीनं विचारलं, "पोरीचा चेक वटला ना, भाऊजी?"

"नाही. थांबवला त्यानं."

ती कप धरून तशीच उभी राहिली. "सही गुजरातीत केली?"

म्हणजे इतकी वर्षं खाली रिक्षात बसून हिला सगळं ठाऊक होतं. मी मान हलवली.

"मग कळलं होतं त्यांना," ती म्हणाली आणि हळूच खाली बसली. "मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. शेवटपर्यंत हसत राहिलो हो एकमेकांसमोर… एकदा तरी जवळ बसून रडलो असतो, भाऊजी."