पाच काठांची सभा

वल्हं होडीच्या काठावर तीनदा आपटून आबा समोरच्या पाड्याला हाक द्यायचे, "बठ्ठा शेतस ना घरमा?" सगळे घरी आहेत ना, एवढीच चौकशी.

आबा आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. पिंपळनेरच्या पुढे डोंगरात धरणाचं पाणी बोटांसारखं आत शिरलंय आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला एक पाडा आहे. असे पाच पाडे मिळून आमची एक पंचायत. तुम्ही विचाराल, हे एक गाव कसं? आबांचं उत्तर ठरलेलं, "पानी मधमा शे, गाव एकच शे."

ग्रामसभेला पाचही पाडे एका जागी कधी जमत नसत. म्हणून आबा सभाच होडीत घालून न्यायचे. प्रत्येक काठावर ठराव मोठ्याने वाचायचे, भांडणं ऐकून घ्यायचे, मग रजिस्टरवर सह्या. पलीकडच्या शेवटच्या पाड्याला साकव, म्हणजे पायी ओलांडायला छोटा पूल हवा, हा ठराव त्यांनी असाच पाच काठांवर मंजूर करून आणला. त्या पाड्यावर त्यांची सून बाळंतपणात, होडीची वाट बघत गेली होती.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. 'सभा न भरवता सह्या! ही कसली लोकशाही?' असं पिवळ्या कागदावर छापून मी तालुक्याला वाटलं. आजही त्यातला एकही शब्द खोटा म्हणता येत नाही. तालुक्याच्या साहेबांनी ठराव रद्द केला. साकवाच्या प्रस्तावाची मुदत संपायच्या दिवशी पुन्हा सभा लावली.

मला वाटलं, आबा शिव्या देतील. त्यांनी वल्हं माझ्या हातात दिलं. "भाऊ, कायदा तुन्हा खरा शे. आते वल्हं मार."

दिवसभर आम्ही होडीतून सभेच्या जागी माणसं आणत होतो. तिसऱ्या पाड्याची माणसं उतरली तेव्हा पहिल्या पाड्याच्या बाया घरी जायला उठल्या होत्या.

"थांबा ना थोडं," मी म्हणालो.

"बकऱ्या काय तुन्हं पत्रक बांधी?" एक म्हातारी म्हणाली. सगळे हसले. आबाही हसले.

आम्ही शेवटची फेरी घेऊन आलो तेव्हा साहेब गेले होते. सतरंजी तेवढी उरली होती. आबांनी ती झटकली, घडी केली.

साकव अजून नाही. आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. नवा शिपाई मोबाईलवर निरोप टाकतो. शेवटच्या पाड्यावर रेंज नाही.

परवा रजिस्टर घेऊन मीच निघालो. पहिल्या पाड्याच्या काठाजवळ आल्यावर वल्हं तीनदा आपटलं. वरून त्याच म्हातारीचा आवाज आला, "आबा उना का रे?"

मी पुन्हा तीनदा वल्हं आपटलं.