वहिनीने बोर्ड सोलला

माझ्या वहिनीला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला नोटीसबाई म्हणतात. मी तिची सख्खी नणंद, त्यामुळे सरळ सांगते, त्या नावात प्रेम औषधालाही नव्हतं. ती गल्लीच्या टोकाला दिसली की पटापट कड्या लागायच्या. एकदा एक रिटायर्ड मास्तर आतूनच ओरडले, "घरात कुणी नाही!" वहिनी बाहेरून शांतपणे म्हणाली, "बरं. मग सही कोण करतंय, तेवढं सांगा."

दादा गेला तेव्हा त्याच्या जागेवर गावच्या कार्यालयात तिला घेतलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. ज्याने नियम मोडला त्याच्या दारात जायचं, नोटीस वाचून दाखवायची आणि सही घ्यायची, एवढंच काम. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन पेनं. त्यातलं एक मुद्दाम बंद पडलेलं. "ज्याला सही करायची नसते तो पेन चालत नाही म्हणतो," वहिनी सांगायची. "म्हणून आधी न चालणारंच देते. त्याचं म्हणणं खरं ठरतं, जिवाला बरं वाटतं, मग चालणारं देते." अशी बाई! खोटं मात्र तिला या जन्मात जमलं नाही.

आमचं गाव मूठभर, पण नियम म्हणाल तर पोतंभर. दुपारी एक ते तीन आवाज नको. रस्त्याकडच्या कुंपणावर कपडे वाळत घालायचे नाहीत. पाण्याच्या पंपाला सायकल टेकवायची नाही. अंगणात काही जाळायचं तर आदल्या दिवशी कार्यालयात कळवायचं. कोंबडा पाळायला शेजाऱ्याची लेखी संमती लागते, कोंबडीला लागत नाही. का, ते कोंबड्यालाच विचारा. आम्ही इथेच जन्मलो, आम्हाला हे सगळं अंगवळणी पडलेलं. पण बाहेरून राहायला येणाऱ्याला पहिलं वर्ष राहण्याचं कच्चं पत्र मिळतं, आणि त्या वर्षात तीन नोटिसा झाल्या की पत्र रद्द. आठ दिवसांत घर खाली.

आता तुम्ही विचाराल, हे नवीन माणसाला सांगतं कोण? कुणीच नाही! नियम बोर्डावर आहेत, वाचा. आमच्या हेडक्लार्कचं हे ठरलेलं उत्तर. आणि बोर्ड कसा, तर नवीन नियम आला की हेडक्लार्क तो जुन्याच्या उरावर खळ लावून चिकटवणार. जुना कागद काढायचा नाही. का? तर त्याच्या मते नियम फाडणं म्हणजे नियम रद्द करणं, आणि तो अधिकार फक्त सभेचा. त्याच्या आधीच्याने तेच केलं, त्याच्या आधीच्यानेही तेच. बोर्डावर कागदांची गादी झालेली. वाचता येणार फक्त सगळ्यात वरचा.

माझं शिलाईचं दुकान कार्यालयाच्या बरोबर समोर. तो बोर्ड मी आयुष्यभर पाहिला आणि कधी एक शब्द बोलले नाही. स्वतःच्या पायाखाली जळेपर्यंत माणूस कशाला बोलतोय!

जळलं ते आईच्या पायाखाली. आईला साखरेचा आजार, टाचेला जखम झाली आणि भरेना. गावात चार वर्षं नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच. वहिनी आठवड्यातून दोनदा सासूला बसमध्ये घालून दीड तासावरच्या हॉस्पिटलात न्यायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग झालं पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत पाय घोट्यापासून काढावा लागेल. आई परतीच्या बसमध्ये एक अक्षर बोलली नाही. आई गप्प बसली की आमच्या घरात काहीतरी मोडलंय असं समजायचं.

आणि त्याच महिन्यात सिस्टर आली. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पंधरा वर्षं काढलेली, एकटी, खणखणीत आवाजाची. पोस्टमास्तरांचं रिकामं घर भाड्याने घेतलं आणि बाहेरच्या खोलीत दवाखाना थाटला. दुसऱ्याच दिवशी तिने आईचा पाय मांडीवर घेतला. जुनं ड्रेसिंग जखमेला घट्ट बसलेलं. मी म्हटलं, ओढा एकदाचं, काय व्हायचं ते होऊ दे. ती माझ्यावरच खेकसली. "ओढायचं नाही. भिजवायचं, थांबायचं, कडेने उचलायचं." वहिनी बाजूला उभी राहून बघत होती.

पाच आठवड्यांत जखम निम्म्यावर आली. तळाला लाल, जिवंत मांस दिसायला लागलं. आई पुन्हा भाजीला नावं ठेवायला लागली. मला तर आनंदाने रडू फुटलं.

पण तोवर सिस्टरला दोन नोटिसा होऊन गेल्या होत्या. पहिली कुंपणावर चादरी वाळत घातल्या म्हणून. दुसरी पंपाला सायकल टेकवली म्हणून. दोन्ही वहिनीनेच नेऊन दिल्या. दुसऱ्या वेळी सिस्टरने विचारलं, "हे लिहिलंय कुठे?"

"बोर्डावर," वहिनी म्हणाली.

सिस्टर तिच्यासोबत चालत बोर्डापर्यंत आली. वरच्या कागदावर एकच ओळ होती, कार्यालयासमोर गाड्या लावू नयेत. "आणि सायकलचा?"

"ह्याच्या खाली."

सिस्टर हसली. मग वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं. त्या दिवशी वहिनी धड जेवली नाही.

तिसरी नोटीस निघाली ती एका मंगळवारी. अंगणात डबा ठेवून कचरा जाळला, आगाऊ कळवलं नाही. कचरा कसला? आईच्याच पायाचा कापूस आणि पट्ट्या! वहिनी ती नोटीस घेऊन माझ्या दुकानात आली आणि शिलाई मशीनवर ठेवून उभी राहिली. "वन्सं, हे मी कसं देऊ?"

"देऊ नकोस! टाक फाडून!"

"संध्याकाळपर्यंत दिल्याची सही दाखवायची आहे."

"खड्ड्यात गेली सही. आईचा पाय जाईल, कळतंय का तुला?" मी इतकी ओरडले की माप द्यायला आलेली बाई फीत गळ्यात तशीच घेऊन बाहेर पळाली.

"कळतंय," वहिनी म्हणाली. "पण न देता दिली म्हणून सांगणं मला जमणार नाही. देईन. फक्त तिला दाद मागायची तर सगळे नियम हातात तरी हवेत. नोटिशीबरोबर ते पण देते." मग समोरच्या बोर्डाकडे बघत म्हणाली, "गरम पाणी आहे का गं?"

मला वाटलं चहाला. तिने बादली मागितली.

भर सकाळी अकरा वाजता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझ्या वहिनीने गावचा बोर्ड सोलायला घेतला. फडकं बुडवून कागदावर दाबायचं, थांबायचं, माझ्या लाकडी पट्टीने कड उचलायची, अलगद. एक कागद सुटला, मग दुसरा. मी बादल्या भरून आणत होते. सुटलेले कागद ती कार्यालयाच्याच कुंपणावर ओळीने वाळत घालत होती. मी म्हटलं, "वहिनी, कुंपणावर वाळत घालतेस, नियम मोडतोय."

"घाल माझ्या नावावर," ती म्हणाली. तिला चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हेडक्लार्क धावत बाहेर आला. "बाई! अहो नियम फाडताय तुम्ही!"

"एक जरी फाटला असेल तर दाखवा."

त्याने कुंपणावरचे कागद एकेक करून तपासले. एकही फाटला नव्हता. उभा राहिला तिथेच. हळूहळू अर्धं गाव गोळा झालं आणि आपापले विसरलेले नियम वाचून एकमेकांना दाखवायला लागलं.

बेचाळीस कागद निघाले. त्रेचाळिसावा चिकटवलेला नव्हता, चार खिळ्यांनी ठोकलेला होता, जाड, पिवळा, छापील. वर लिहिलेलं, नियम पहिला. वहिनीने पदराने तो टिपला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला.

"जो कोणी या गावात नव्याने राहायला येईल, त्याच्या दारात जाऊन कार्यालयाच्या माणसाने सगळे नियम त्यास तोंडी सांगावेत. सांगून महिना होईपर्यंत त्याची चूक ही चूक धरू नये."

वहिनी कार्यालयाच्या पायरीवर मटकन बसली. मला वाटलं, जिंकलो! आता ही हसेल. पण तिने माझा हात धरला. "अकरा घरं, वन्सं. अकरा घरं उठवली मी. सांगायचं माझंच काम होतं, आणि मी नुसत्या सह्या घेत हिंडले." मी पण तिच्या शेजारी बसले आणि दोघी रडलो. रस्त्यावर, सगळ्यांसमोर. बघू देत की!

हेडक्लार्क आत गेला आणि सभेच्या सगळ्या जुन्या वह्या काढून बसला. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा केसांवर धूळ होती. माणूस हट्टी, पण प्रामाणिक. म्हणाला, "रद्द केल्याची नोंद कुठेही नाही. म्हणजे नियम लागू आहे. नोटीस देता येणार नाही."

इथे गोष्ट संपली असती, पण गावच्या सभेच्या अध्यक्षांनी हिशोब मांडला. हा नियम खरा, तर मागच्या सगळ्या नोटिसा खोट्या. गावाची शोभा होणार. त्यांनी रविवारी सभा बोलावली. म्हणे, सभेने पहिला नियम रद्द केला की प्रश्न मिटला, तोवर नोटीस ड्रॉवरमध्ये. मी दुकानातूनच त्यांना सुनावलं, पण माझं ऐकतो कोण.

शनिवारी ड्रेसिंगला गेलो तर सिस्टरच्या ट्रंका भरलेल्या होत्या. "दोन्ही तयारी ठेवलेली बरी," ती म्हणाली. आईची पट्टी बांधताना बजावलं, "अजून महिनाभर ही टाच जमिनीला लागता कामा नये. लागली तर केलेलं सगळं पाण्यात."

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आईला आम्ही खुर्चीसकट उचलून नेलं आणि पहिल्या ओळीत बसवलं, पाय समोर स्टुलावर. सिस्टरला मत नव्हतं, ती मागे भिंतीशी उभी. अध्यक्ष पंधरा मिनिटं गावाच्या इभ्रतीवर बोलले. मग विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. वहिनी उठली.

सव्वीस वर्षं ती दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत आली होती. त्या दिवशी तिच्या हातात कागद नव्हता.

"मी अकरा घरांना तिसरी नोटीस दिली," ती म्हणाली. "मातीची भांडी करणारा गेला, त्याची भट्टी पेटली म्हणून. ती जुळ्या मुलींची आई गेली, मुली दुपारी रडायच्या म्हणून. कुणी वाईट नव्हतं. कुणाला माहीत नव्हतं, एवढंच. आणि सांगणारी मी, मलाच माझं काम माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. नवीन माणूस आला की त्याच्या दारात जाऊन मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नियम सांगेन. नोटीस तर मी देतेच आहे, ती पण देईन, पण सांगितल्यावर. मला माझं काम करू द्या."

बसली खाली.

अध्यक्ष म्हणाले, "पहिला नियम ठेवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं."

आमच्या गावाची खोड मला ठाऊक आहे. पहिलं कुणीच उठत नाही. सगळे शेजाऱ्याकडे बघतात. मी उठणारच होते, देवाशपथ, पण माझ्या आधी खुर्ची करकरली. आईने स्टुलावरचा पाय खाली घेतला, वहिनीच्या खांद्यावर हात टाकला आणि उभी राहिली.

"आई, बसा!" मागून सिस्टर किंचाळली. "टाच! टाच टेकवू नका!" आणि लोकांच्या मांड्या तुडवत पुढे धावली.

"मोजून होईपर्यंत बसणार नाही," आई म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून, "हिने नऊ महिने मला पाठुंगळी बसमध्ये चढवलं. माझी सून आहे ती. आणि तुम्हाला नुसतं उठवत नाही?"

मग खुर्च्या सरकल्या. एक ओळ उठली, तिच्या मागची उठली, मास्तर उठले, फीत गळ्यात घेऊन पळालेली बाई उठली. हेडक्लार्क बोट नाचवत मोजत होता, अडखळला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. वहिनी म्हणाली, "साहेब, तुम्हीही उभेच आहात." त्याने अध्यक्षांकडे पाहिलं, बोर्डाच्या दिशेने पाहिलं, आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवून पुढचा आकडा उच्चारला.

सिस्टर तोवर आईच्या पायाशी पोचली होती. आई काही बसायला तयार नाही. शेवटी सिस्टर खाली जमिनीवर बसली, आईची टाच दोन्ही हातांत उचलून धरली, आणि तिथूनच ओरडली, "सावकाश मोजा हो. मी कुठे जात नाहीये."