खिडकीतून टाकलेली फाईल

माझ्या हाताखालची पोरं पाठीमागं मला 'कडक मॅडम' म्हणतात. लातूरला बांधकामांच्या तपासणीवर असते मी. काम कच्चं दिसलं की माझं तोंड सुटतं, मग समोर कुणी का असेना. चुकलं तर चुकलं म्हणा, एवढंच माझं मागणं असतं. हे मी दिवसातून दोनदा तरी म्हणते आणि म्हणताना दर वेळी मला अहमदपूरचा बसस्टँड आठवतो.

आता माझा मुलगा घरात बसून मोबाईलवर सीट बुक करतो. आमच्या वेळी गाडी फलाटाला लागायच्या आधीच निम्मी भरायची, माणसांनी नाही, रुमालांनी. आबा, म्हणजे माझे वडील, मला कमरेला धरून खिडकीपर्यंत उचलायचे आणि मी आत रुमाल टाकायचे. नेम माझा पक्का होता, त्याचा मला केवढा तोरा! खाली रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, पेरूवाल्या बायका, धूळ आणि खिडकीतून आत गेलेला माझा बारका हात. अजूनही त्या आठवणीनं मला बरं वाटतं.

आबांचा एक नियम होता. "रुमाल म्हंजी तिथं माणूसच बसलंय समजायचं." एकदा मामानं कुणाची तरी टोपी उचलून जागा घेतली, तर आबांनी आपली जागा त्या टोपीवाल्याला दिली आणि चाकूरपर्यंत उभे राहिले. मामाशी पुढं महिनाभर बोलले नाहीत. शेतकरी माणूस, पण असल्या बाबतीत लई हट्टी.

बारावीनंतर माझा नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. आमच्या गावची गाडी उशिरा आली, तोवर अहमदपूरहून नांदेडची एक गाडी निघून गेली होती. दुसरी लागली तेव्हा फलाटावर ही गर्दी. आबा म्हणाले, "तू खिडकी बघ, मी दाराला जातो." मी खिडकीशी पोचले. रुमाल तर भाकरी बांधण्यात गेलेला. हातात होती ती फाईल, तिच्यात मार्कमेमो, टी.सी., सगळे मूळ कागद. आणि सीटवर आधीच एक लाल काठाचा टॉवेल पडलेला.

मी इकडंतिकडं बघितलं. बोटांनी टॉवेल पुढं सरकवला. तो सीटखाली पडला. तिथं मी फाईल ठेवली.

मग दाराकडं पळाले. पण दारात माणसं अशी अडकलेली की आबांनाच पाय ठेवता येईना. कंडक्टरनं आतून दोनदा घंटी मारली आणि गाडी हलली. आम्ही मागं पळालो, ओरडलो, काही उपयोग झाला नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या गाडीत बसून नांदेडला चाललं होतं. आबा रागावले नाहीत. "रडायलीस कशाला? फाईल पडलीय न्हवं जाग्यावर. जागा धरलेली कोण हलवतंय?" ते असं म्हणाले तेव्हा मला जास्तच रडू आलं.

तासाभरानं पुढची गाडी मिळाली. नांदेडला उतरलो तर फलाटावरच्या बाकड्यावर एक बाई बसलेली. पन्नाशीची, गुडघ्याला पट्टा बांधलेला, मांडीवर माझी फाईल. माझं रडकं तोंड बघूनच तिनं ओळखलं.

"कागदं आशी टाकतेत का गं? कंडक्टर म्हनला, स्टँडाच्या कंट्रोलला देतो. मी म्हनलं न्हाई, लेकरू घाबरलं असंल, कुठं हुडकल? मागच्या गाडीनं येईलच." तिची लेक तिथल्या दवाखान्यात बाळंत झाली होती. नातू बघायचा सोडून ती तासभर बाकड्यावर बसली होती.

आबांनी हात जोडले. "बसायला तरी मिळालं का तुमास्नी?"

"लोह्यापस्तोर उभीच होते. म्हनलं फाईलवालं मागं गर्दीत असंल, येईल. लोह्याला गाडी रिकामी झाली तवा बसले. मी बी टाकलावता टॉवेल खिडकीतून, तो सीटखाली घावला. माझाच नेम चुकला असंल."

तिच्या खांद्यावर लाल काठाचा टॉवेल होता, बुटांच्या मातीनं मळलेला. मी तिच्या पाया पडले, आणि ते पाया पडणंसुद्धा खोटंच होतं, कारण बोलायचं टाळायला मी वाकले होते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शीक माय, मोठी हो," म्हणाली आणि लंगडत रिक्षांकडं गेली.

प्रवेश झाला. वेळेत झाला. कॉलेजच्या फाटकाबाहेर एका झाडाखाली आम्ही भाकरी सोडली. आबांनी निम्मी मला दिली, रुमाल झटकला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात ठेवला.

"पुढच्या टायमाला हा टाकीत जा," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "त्या बाईचा नेम चुकला न्हवता."

त्यानंतर आबा सोळा वर्षं जगले आणि हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. माझ्यापाशीही नाही आणि आईपाशीही नाही. मामाशी ते महिनाभर बोलले नव्हते. माझ्याशी मात्र त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बोलले, नेहमीसारखंच, पेरणीचं आणि पावसाचं. खिडकीची जागा मला दिली होती. ते स्वतः उभे होते, अहमदपूरपर्यंत.