कुरणातली एकावन्न झाडं

माझे वडील नाकेदार होते. आमच्याकडे जंगलखात्याच्या शिपायाला नाकेदार म्हणतात. पांढुर्ण्यात रेल्वे लाईनच्या पलीकडे, वस्तीला अगदी खेटून, तारेचं कुंपण घातलेलं सरकारी कुरण होतं, ते त्यांच्या ताब्यात. एका अंगाला लोकांच्या घरांच्या मागच्या भिंती, दुसऱ्या अंगाला संत्र्याचे बगीचे आणि मध्ये नुसतं गवत. इतरांचे बाप सागवान सांभाळायचे, माझा बाप गवत राखायचा. मला त्याची लाज वाटायची, हे आधीच सांगून टाकते.

कुरणाचा एक नियम होता. गवताचं बी मातीत पडल्याशिवाय विळा लावायचा नाही. दसरा झाला की गवत कापणाऱ्या बाया कुंपणाशी येऊन बसत. बाबा पायजमा घालून आत एक चक्कर मारून येत. पायजम्याला कुसळं गच्च चिकटली असली तर बी अजून वरच आहे, म्हणून बायांना परत पाठवत. बाया त्यांना तोंडावर शिव्या देत. पायजमा जवळजवळ कोरा आला की मगच ते म्हणत, "लागा आता." तोवरच्या पायजम्यांची कुसळं उपटत मी ओट्यावर बसायची आणि कुरणाच्या नावानं बोटं मोडायची.

पण बाबांचा जीव खरा अडकला होता तणमोरात. कोंबडीएवढा पक्षी. श्रावणात त्याचा नर गवतातून सरळ वर उडी मारतो आणि पुन्हा गवतात बुडतो. मादीनं लांबून पाहावं म्हणून सकाळभर त्याचं हेच चालतं. दरवर्षी बाबा मला म्हणायचे, "बाई, ये न एखाद्या दिवशी. पाच मिन्टं लागते." मला कधी परीक्षा असायची, मास्तरीण झाल्यावर शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासायच्या असायच्या. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरही माझ्याच गळ्यात. मग सौसरला लग्न झालं, तरी नोकरी पांढुर्ण्याचीच राहिली. पाच मिनिटं काही मिळाली नाहीत.

ऐंशीनंतरची ती वर्षं. एका वैशाखात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. नागपूरला अस्पतालात ठेवलं, मग तिथंच काकांकडे. मी जामसांवळीच्या मारुतीला नवस बोलले. वर्षानं ते काठी टेकत चालायला लागले, पण हात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो. बाबांनी मला एवढंच सांगितलं, "श्रावणात मले घरी ने. एकदा तणमोर पाहाचा हाय." दुसरं काही मागितलं नाही.

मी मात्र त्यांच्यासाठी आधीच काहीतरी करून बसले होते. त्यांना अस्पतालात ठेवलं त्याच वर्षीच्या आषाढात.

आमचा मुलूख संत्र्याचा. जिथं झाड नाही ती जागा आम्हाला रिकामी दिसते. उघडं कपाळ पाहिल्यासारखं वाटतं. शिवाय तेव्हा शाळेत, रेडिओवर, भिंतींवर सगळीकडे झाडं लावण्याचीच गोष्ट. मला वाटलं, बाबांनी आयुष्यभर उजाड जागा राखली, ती आपण हिरवी करून द्यावी. परतल्यावर पाहतील तर डोळे निवतील. जंगलखात्याच्या साहेबांनी लगेच होकार दिला, फाटकावर पाटीही लावली. सासऱ्यांनी उत्साहानं सगळं शिकवलं. खड्डे उन्हाळ्यातच खणायचे, ऊन खाऊ द्यायचे, शेणखत किती, माती किती, आळं केवढं. माझ्या वर्गातल्या मुलींनी एकावन्न सुबाभळी लावल्या. उन्हाळ्यात बैलगाडीवर पाण्याचे ड्रम नेऊन मी स्वतः आळी भरली. लोक झाडं लावतात आणि निम्मी मरतात. आमचं एकही मेलं नाही. याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू! नागपूरच्या पत्रांत मात्र मी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या श्रावणात बाबांना घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते दाढी करून तयार. सायकलरिक्षात ते माझ्या शेजारी बसले होते आणि लहान मुलासारखी पुन्हा पुन्हा मान पुढे काढत होते. त्यांना तणमोराची घाई, मला माझ्या झाडांची. दोघंही आपापल्या आनंदात.

फाटक उघडलं. झाडं डोक्याच्या वर गेली होती, रांगेत उभी. बाबा काठी टेकून, दोन्ही पाय जुळवून थांबले.

"कोणं लावले?"

"मी, बाबा. एकावन्न आहेत. एकही नाही मेलं."

त्यांनी पहिल्या झाडापासून शेवटच्यापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "चांगले लागले, पोरी." आणि डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं.

मला तेवढंच ऐकायचं होतं. मी खुळ्यासारखी खूश झाले.

त्यानंतर ते रोज सकाळी कुरणात जायचा हट्ट धरायचे. मी त्यांना दगडावर बसवून शाळेत जायची, दुपारी आणायची. चौथ्या-पाचव्या दिवशी फाटकाशी गवत कापणारी एक बाई भेटली, कुंपणाला लागूनच राहणारी.

"मास्तरीनबाई, बुढ्याले काहून आणून राहिल्या रोज? तो पक्षी नाही राह्यला आता."

"का?"

"झाडावर कावळे बसून राह्यते न. अंडं टाकू देते का ते? अन् त्याले मोकळं लागते, उडी दिसाले. यंदा पाऊस लागल्यावर चार दिवस दिसला, मंग गेला."

"बाबांना सांगितलं तुम्ही?"

"नाकेदाराले मी काय सांगू व? त्याले पहिल्याच दिवशी मालूम झालं. तुले कसं सांगावं म्हून चूप हाय तो."

त्या रविवारी मी सासऱ्यांच्या बगीच्यातून कुऱ्हाड आणली. बाबा दगडावर बसलेले. मी पहिल्या झाडावर घाव घातला तशी त्यांनी काठी आपटली.

"ठेव ते. सरकारी झाले आता ते झाडं. तुह्यावर केस होईन, नोकरी जाईन."

"जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हंते. मी नाकेदार हाय, बाई. माह्या समोर झाड तुटत नसते." मग आवाज उतरला. "लेकरावानी वाढवले तू. तुले काय मालूम होतं?"

"मला मालूम असायला पाहिजे होतं," मी ओरडलेच. "बावीस वर्षं तुम्ही बोलावून राहिले होते. रागवा न मला, बाबा!"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला आज बरं वाटलं असतं. मी कुऱ्हाड टाकून त्यांच्या पायाशी बसले आणि भर उन्हात, लोकांच्या भिंतींवरून बायका पाहत असताना, मोठ्यानं रडले.

पोळ्यानंतर दुसरा झटका आला. बाबा उठेनासे झाले, जीभ जड झाली. रोज सकाळी एकच प्रश्न, "उडला का?" मी खरंच कुरणात जायची. दगडापाशी उभी राहायची, कावळे मोजायची आणि घरी येऊन म्हणायची, "उडला, बाबा." बापाशी खोटं बोलायला मला तेव्हा जराही जड गेलं नाही.

एका सकाळी त्यांनी डोळे उघडून विचारलं, "कसा उडला? सांग."

मला सांगता येईना. मी कधी पाहिलाच नव्हता. खोटं रचायलाही काही तरी ठाऊक असावं लागतं. मी पांघरूण नीट करत राहिले.

बाबांनी डावा हात गोधडीतून काढला, मनगट ताठ केलं, सरळ वर नेला, क्षणभर तिथंच ठेवला आणि सोडून दिला. "असा," ते म्हणाले. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मला नीट दिसावा म्हणून तिसऱ्यांदा, अर्ध्यापर्यंतच.

"हो बाबा," मी म्हटलं, "असाच उडला."

मी पाहिलेला तणमोर तेवढाच.