नेटी शेवटच्या बाकापर्यंत जाते

नेटी ओलेनिक कॅनडातल्या यॉर्कटन गावात एकोणीस वर्षं शाळेची बस चालवते आणि त्या बसचं इंजिन मी सांभाळतो. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. एक्कावन्नाव्या वर्षी तिनं नर्सिंगला जायचं मनावर घेतलं. प्रवेशाला बीजगणितात सत्तर गुण हवेत. दोनदा ती आपटली, तिसरी संधी शेवटची. सोबत म्हणून मीही प्रौढांच्या वर्गात नाव घातलं आणि आठवड्याभरात स्वतःला हुशार समजू लागलो.

तिचा घोळ एकच. गुणाकार करून, काटाकाट करून उत्तर 'क्ष अधिक तीन, छेद क्ष अधिक दोन' असं आलं की तिथं थांबावं ना! नाही. वरचा क्ष काट, खालचा क्ष काट, उत्तर तीन छेद दोन.

"अगं, 'क्ष अधिक तीन' हे एक कुटुंब आहे," मी वैतागून म्हणालो. "तुझ्या बसमधल्या हॅलोरनच्या पोरांपैकी एकालाच मध्ये उतरवतेस का तू?"

"छे, ती आख्खी फौज एकाच फाटकापाशी उतरते." ती थबकली. "हे आधी सांगायला काय झालं होतं रे तुला?"

परीक्षेत शेवटचं गणित त्याच जातीचं होतं. मी अवयव पाडले, वरखाली सारखा असलेला 'क्ष उणे तीन'चा कंस काटला, एक सुटा क्ष काटला. उरलेल्या छेदाकडे बघून 'क्षची किंमत उणे दोन नसावी' असं लिहिलं आणि पेपर दिला. नेटी मात्र उत्तर काढूनही पहिल्या ओळीकडे परत गेली आणि काटलेल्या एकेकावर पेन्सिल टेकवत बसली. मला हसू आलं.

त्या गणितात माझे दोन गुण गेले. क्ष तीनही नको होता, शून्यही नको होता. नाहीतर मूळचा छेदच शून्य होतो. काटल्यावर मी ते विसरलो, नेटीनं लिहिलं होतं. तिला बरोब्बर सत्तर पडले.

"तुला सुचलं कसं?" मी विचारलं.

"सुचायचंय काय त्यात? पोरं उतरली की मी रोज शेवटच्या बाकापर्यंत चालत जाते. एखादं झोपून राहिलं असलं तर?"

एकोणीस वर्षांत तिच्या बसमध्ये एकही मूल मागे राहिलेलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि सांगून ठेवतो, उद्या मी आजारी पडलो तर मला नेटीच्याच वॉर्डात न्या.