ट्रेमधली जास्तीची स्लाइड

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्यावर भुताखेतांसाठी उरतंय कोण... मी पॅथॉलॉजिस्ट, मूळची पुण्याची, बारा वर्षं बंगळुरूत. निम्मा जीव बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये जातो, उरलेला लॅबमध्ये.

गेल्या वर्षीचा एक शुक्रवार, दुपारचे चार. स्तनातल्या गाठीची, आदल्या दिवशी घेतलेली बायोप्सी तपासायची होती. पेशंट नागपूरची, व्हाइटफील्डला नोकरी करणारी. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून सकाळीच जवळ आली होती. "साधीच निघेल ना हो, मॅडम? आईला अजून सांगितलं नाही. साधी निघाली तर संध्याकाळच्या गाडीने घरी जाऊन येईन म्हणते."

स्लाइड पाहिली. नुसते तंतू, चार साध्या ग्रंथी. मला बरं वाटलं — खरं सांगायचं तर लवकर निघता येईल म्हणून जास्त. 'कॅन्सर नाही' टाइप केलं. सही करणार, तर ट्रेमध्ये त्याच नंबरची आणखी एक स्लाइड. तिच्या एका कोपऱ्यात पेशींचे छोटे पुंजके, प्रत्येकाभोवती रिकामी जागा, आणि मोजा उलटा करावा तशी आतली बाजू बाहेर. मायक्रोपॅपिलरी. क्वचित दिसणारा, काखेपर्यंत फार लवकर पोचणारा कॅन्सर. 

गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ थर कापणाऱ्या आमच्या टेक्निशियन सरोजाक्का, इथल्या चिकपेटच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांना विचारलं.

"मी एकच कापली बघा, मॅडम. हे अक्षर पण माझं नव्हे."

"मग दुसऱ्या कुणाची मिसळली असेल."

"सरी, असेल तसं. आणि स्वल्प खोल कापून बघूया की."

मेणात बसवलेला तो तुकडा त्यांनी माझ्यासमोर कापला, रंगवला. वरच्या कितीतरी थरांत काहीच नव्हतं. पार खाली गेल्यावर तेच पुंजके, त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचे. म्हणजे ती स्लाइड ज्या थराची होती, तो थर तोवर मेणातून बाहेरच आला नव्हता...  

रिपोर्ट बदलला. त्या संध्याकाळी ती गाडीने गेली नाही. ऑपरेशन झालं, उपचार चालू आहेत. मध्यंतरी संत्रा बर्फी घेऊन आली. "तुम्ही नीट बघितलंत म्हणून, मॅडम." मी नीट बघितलं नव्हतं. बर्फी मुकाट्याने खाल्ली.

ती स्लाइड कुणी कापली, आजही माहीत नाही. ड्रॉवरमध्ये आहे. तिची भीती वाटत नाही मला. या बारा वर्षांत दमून, घाईत कितीतरी रिपोर्टांवर मी सह्या केल्यात, आणि त्यांच्या ट्रेमध्ये जास्तीची स्लाइड कधीच आली नव्हती... झोप उडते ती त्याने.